मंग थांबले का ते?

जालना

चि. बाळ,


तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि मग उत्तराला बसले. फोनवर हे बोलणं झालंच नसतं, म्हणून लिहिलंस ते बरं केलंस.

तू लिहितेस की विद्यापीठात प्राचीन इतिहास शिकायला लागल्यापासून पवित्र शास्त्र उघडलं की आधी तारखा आठवतात. मार्काचं शुभवर्तमान येशूच्या क्रूसानंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिलं गेलं. यशयाच्या पुस्तकात एकाच शतकाचा आवाज नाही. लूक ज्या खानेसुमारीचं सांगतो ती क्विरिनियची खानेसुमारी इ. स. 6 मधली, आणि हेरोद तर इ. स. पूर्व 4 मध्येच मेलेला. हे सगळं घरी बोललीस तर दादा म्हणाला, "इतिहास कॉलेजात ठेव, घरी नुसतं वचन वाच." आणि तू मला विचारतेस, "आत्या, दोन्ही एकत्र नाहीच का चालणार?"

चालेल. माझं म्हणणं त्याहून पुढचं आहे. इतिहास बाजूला ठेवून वाचलेलं वचन आपल्यापर्यंत अर्धंच पोचतं. दादाचा हेतू चांगला आहे, त्याला तुझी काळजी वाटते. पण "नुसतं वचन" असं काही नसतंच, बाळ. दर रविवारी आपण उभं राहून मतांगीकार म्हणतो. त्यात देवबाप, पुत्र, पवित्र आत्मा, मरिया यांच्या जोडीला एका रोमी अंमलदाराचं नाव येतं. पंतय पिलात काही संत नव्हता, प्रेषितही नव्हता. तरी मंडळीनं त्याचं नाव सोडलं नाही, कारण आपल्या प्रभूनं दुःख सोसलं ते अमुक प्रांतात, अमुक सुभेदाराच्या अमलात, हे तिला सांगायचं होतं. कैसरिया इथल्या उत्खननात 1961 साली पिलाताचं नाव कोरलेला दगड सापडला. त्या दगडामुळे माझा विश्वास सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही. पण ज्या श्रद्धेनं आपल्या मूळ कबुलीतच एक तारीख गोवून ठेवली आहे, तिला तारखांची भीती कशाला? लूकचा तिसरा अध्याय उघड. योहान बाप्तिस्मा करणारा येण्याआधी लूक तिबिर्य कैसराचं पंधरावं वर्ष सांगतो, मग कोणत्या प्रांतावर कोण, महायाजक कोण, हे सगळं नोंदवतो. शब्द देही झाला असं आपण म्हणतो. देही झाला म्हणजे कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी राजवटीत, कुणाच्यातरी करवसुलीच्या काळात झाला.

खानेसुमारीचं तू विचारलंस म्हणून सांगते. त्या दोन तारखांचा मेळ अभ्यासकांनाही अजून समाधानकारक लावता आलेला नाही. ओढूनताणून मेळ घालणारी पुस्तकं मिळतात, ती घेऊ नकोस. प्रश्न उघडा राहू दे.

आता आपल्या घरचं सांगते.

जालन्याच्या ख्रिस्ती माणसाला बेथेल माहीत नाही असं होत नाही. रेव्ह. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडे त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1854 मध्ये दीक्षा झाली, आणि 1860 नंतरच्या वर्षांत ते आपल्याकडे, निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. सालारजंग दिवाण असताना सरकारकडून त्यांना जमीन मिळाली आणि तिच्यावर बेथेल वसलं. तिथे राहायला आलेली माणसं बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींतली, त्यातही मातंग समाजातली. गावाला नाव दिलं ते याकोबाच्या गोष्टीतलं. घरातून पळालेला, खिशात काही नसलेला माणूस उघड्यावर दगड उशाशी घेऊन झोपतो, आणि जाग आल्यावर म्हणतो की देव या ठिकाणी आहे. ज्यांना गावकुसाच्या आत जागा नव्हती त्यांच्या वस्तीला यापेक्षा चांगलं नाव कुठलं?

पण शास्त्रात बेथेलची गोष्ट तिथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग आपण व्यासपीठावरून फारसा ऐकत नाही. याकोबानंतर कित्येक शतकांनी राज्य दुभंगलं आणि उत्तरेच्या राजानं त्याच बेथेलला सोन्याचं वासरू बसवून आपलं राजमंदिर केलं. इ. स. पूर्व आठव्या शतकात दुसऱ्या यराबामाच्या अमलात तिथे भरभराट आली. अश्शूरचा जोर तेवढ्यापुरता ओसरला होता, दमास्कस खिळखिळं झालं होतं, व्यापाराच्या वाटा मोकळ्या होत्या. राजधानी शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंती कोरीवकामाचे ढीगभर तुकडे निघाले. 1910 मध्ये तिथेच खापरांवर शाईनं लिहिलेल्या नोंदी मिळाल्या. कोणत्या ठिकाणाहून कुणाच्या नावे किती जुनं मद्य आणि किती तेल आलं, याचा तो हिशोब. आता आमोस वाच. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांना तो जे बोलतो ते अलंकारिक बोलणं नाही, ते पलंग खरोखर होते. जोड्यासाठी गरिबाला विकणारे, माप लहान आणि वजन मोठं ठेवणारे, सण कधी संपतो आणि धान्य कधी विकायला काढतो म्हणून खोळंबलेले व्यापारी. आपल्या मोंढ्यात उभं राहून हा आठवा अध्याय वाचला तर कुणालाही अर्थ सांगावा लागणार नाही. काटा मारणं म्हणजे काय हे इथे पोरासोरांना ठाऊक आहे.

आणि आमोसला हाकललं कुठून? बेथेलमधूनच. तिथला याजक अमस्या त्याला म्हणाला, इथे संदेश देऊ नकोस, हे राजाचं पवित्रस्थान आहे. आमोस तकोव्याचा, मेंढरं राखणारा, उंबरांची निगा करणारा माणूस. देवाचं घर म्हणून ज्या जागेची ख्याती, तिथेच देवाच्या माणसाला दार बंद झालं.

इतिहास बाजूला ठेवला की बेथेल म्हणजे नुसतं एक गोड नाव उरतं. इतिहास हाताशी घेतला की कळतं, एकाच जागी दोन्ही गोष्टी घडल्या. उघड्यावरच्या माणसाला देव भेटला, आणि मंदिर झाल्यावर त्याच देवाचं बोलणं नकोसं झालं. आपल्या मंडळ्यांची उमर आता दीडशे वर्षांच्या पुढे गेली. इमारती आहेत, जमिनी आहेत, त्या जमिनींवरून तंटे आहेत. आमोसचं बेथेल आपण वाचलंच पाहिजे, जालन्यातल्या लोकांनी तर आधी.

दुसरी गोष्ट गलतीकरांस पत्राची. दुसऱ्या अध्यायात पौल अंत्युखियातला एक प्रसंग सांगतो. पेत्र तिथे परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली आणि तो हळूच बाजूला झाला. बाकीचे यहूदीही झाले, बर्णबासुद्धा झाला. पौलानं मग सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर सुनावलं. या अध्यायावर मी आजवर कितीतरी उपदेश ऐकले. बहुतेकांत "ढोंग करू नका" एवढाच सार निघतो, किंवा मग नियमशास्त्र आणि विश्वास यांची लांबलचक चर्चा होते. ताट मात्र कुणी बघत नाही. पेत्र भित्रा होता म्हणून हे घडलं एवढंच नाही. त्या काळच्या पुष्कळ यहूदी माणसांसाठी कुणाबरोबर जेवायचं यावर आपण देवाचे लोक आहोत की नाही हे ठरत होतं. सक्तीनं डुकराचं मांस खाण्यापेक्षा मरण पत्करलेल्यांच्या आठवणी घराघरांत होत्या. अंतियोखसानं मंदिर विटाळलं होतं त्याला सुमारे दोनशे वर्षं झाली होती. पेत्रामागे ते सगळं उभं होतं. ते कळल्यावर त्याची दया येते आणि पौलाचं धाडसही कळतं.

युरोपातल्या वाचकाला हे सगळं टिपा वाचून समजून घ्यावं लागतं. आपल्याला नाही. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेत गलतीकरांस पत्र सरळ पोटात जातं. नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला त्याच 1843 सालचं प्रकरण आठव, तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद, लहान मुलगा, भावापाशी मिशनऱ्यांकडे राहिला. बाप्तिस्मा झालेला नव्हता. कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. तरी प्रश्न उरलाच. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेलं, तिथे जेवलेलं पोर जातीत परत घ्यायचं कसं? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी कंबर कसली आणि त्यांच्याविरुद्धच गदारोळ उठला. एका मुलाच्या पोटात गेलेल्या चार घासांवरून मुंबई ढवळून निघाली. अंत्युखियात नेमकं काय पणाला लागलं होतं हे मला भाष्यग्रंथांपेक्षा श्रीपादाच्या प्रकरणानं जास्त शिकवलं. त्याच घरातला थोरला भाऊ पुढे जालन्याला येऊन मातंगांमध्ये वस्ती करतो, म्हणजे गलतीकरांचा दुसरा अध्याय आपल्या तालुक्यात पुन्हा घडतो. आपण त्याच वंशावळीतले आहोत, बाळ. म्हणून मला राग येतो तो यावर, की अजूनही आपल्यातल्या काही घरांत सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. पौल असता तर तोंडावर बोलला असता.

आता जे सांगायला खरं तर पत्र लिहायला घेतलं ते.

जालन्याजवळच्या एका खेड्यातल्या महिला मंडळात मी शास्त्र वाचायला जाते, हे तुला माहीत आहे. तिथे एक आजी येतात. खुरपणीला जातात, कापसाच्या दिवसांत वेचणीला. रविवारीही सकाळी शेतात असतात, कारण मुकादम वार बघत नाही. उपासनेला पोचेपर्यंत अर्धी उपासना झालेली असते. मग त्या मागे, चपला काढतात तिथल्या सतरंजीच्या टोकाला बसतात. बोटांच्या पेरांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे, नखांत माती. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरू लागला की त्या पदर पुढे ओढून मान खाली घालतात. एकदा नाही, दर वेळी. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी त्या लायकीची न्हाई, बाई. पाळकसाहेब वाचतात ना, जो अयोग्य रीतीनं खाईल तो दोषी. मपल्याकडून लई चुका व्हतात."

हे वचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं. आपल्याकडे प्रभुभोजनाच्या विधीत ते वाचलं जातं, आणि कितीतरी साधी माणसं ते ऐकून मागच्या मागे बसून राहतात. गंमत नाही, ही फार वाईट गोष्ट आहे. ज्याला भाकरीची सर्वांत जास्त गरज, तोच ताटावरून उठतो.

म्हणून त्या आठवड्यात आम्ही मंडळात तो उतारा सतराव्या वचनापासून अध्याय संपेपर्यंत वाचला, आणि मी बायकांना करिंथ सांगितलं. रोमनांनी इ. स. पूर्व 146 मध्ये ते शहर उद्ध्वस्त केलं होतं आणि इ. स. पूर्व 44 मध्ये पुन्हा वसवलं. दोन बंदरांचं, नव्या पैशाचं गाव. पौलानं इ. स. 54 च्या सुमारास इफिसहून हे पत्र लिहिलं तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या, मंडळी कुणाच्या तरी घरी जमायची. घर मोठं म्हणजे अर्थात श्रीमंताचं. तिथली जेवणाची खोली आडवं टेकून जेवणाऱ्या जेमतेम आठ-दहा माणसांची. बाकीचे अंगणात. प्रभुभोजन तेव्हा पोटभर जेवणासोबत व्हायचं. ज्यांना वेळ मोकळा ते आधी येऊन जेवायचे. गुलाम, हमाल, मजूर काम सुटल्यावर यायचे तोवर भांडी रिकामी. एक उपाशी, दुसरा प्यालेला, असं पौल लिहितोच. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं विचारतो. आणि शेवटी सांगतो की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. अयोग्य रीतीनं खाणं म्हणजे काय, ते या सगळ्याच्या मध्ये येतं.

आजी गालाला हात लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे उशिरा येणारीला न्हाई बोलला तो? आधी जेवणाऱ्याला बोलला?"

मी म्हटलं, "हो."

थोडा वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, "मंग थांबले का ते?"

बाळ, एवढी वर्षं मी शब्बाथशाळेत शिकवते आहे, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पौलाच्या दुसऱ्या पत्रात याबद्दल काही नाही. मी तसं सांगितलं. मंडळातल्या बायकांनी मात्र तो प्रश्न सोडला नाही. त्यांनी पाळकांकडे आणि पंचांकडे बोलणं लावलं. आता त्या गावात प्रभुभोजनाचा रविवार संध्याकाळी असतो, शेतातून माणसं परतल्यावर. आजी पुढे येतात. सुरुवातीला हात थरथरायचे, आता नाही.

माझा विश्वास यातून उथळ झाला की खोल, तूच सांग. तोच अध्याय, तीच वाक्यं. करिंथचं अंगण दिसलं नव्हतं तोवर ती दुबळ्याच्या छातीवर धोंडा होती. अंगण दिसल्यावर तीच वाक्यं ज्यांना लागायची त्यांना लागली. पार्श्वभूमी कळली म्हणून देवाचा आवाज पुसट झाला नाही, तो नेमका कुणाशी बोलतोय हे ऐकू यायला लागलं.

एक सावधगिरी सांगते. इतिहासाच्या नावावर खोटा इतिहासही चालतो, आणि तो बहुतेक वेळा श्रीमंतांच्या सोयीचा असतो. सुईच्या नाकातून उंट जाण्याची गोष्ट घे. यरुशलेमेत "सुईचं नाक" नावाचा एक लहान दरवाजा होता, उंटानं ओझं उतरवून गुडघे टेकले की तो जायचा, असं तूही ऐकलं असशील. मोठमोठ्या सभांत सांगतात. येशूच्या काळी असा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही, ही गोष्ट त्यानंतर कित्येक शतकांनी उगवली. खरा इतिहास तपासला की तो मऊ अर्थ गळून पडतो आणि येशूचं बोलणं पुन्हा अशक्यप्राय, अंगावर येणारं होतं. म्हणून अभ्यास हवा, ऐकीव माहितीवर भागत नाही.

आणि हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही, असं दादाला माझ्या वतीनं सांग. मिशनरी जॉन विल्सननं 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपल्या कोकणातले बेने इस्राएल त्यातून हिब्रू शिकू शकत होते. पंडिता रमाबाईंनी केडगावला, मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. कुणासाठी, तर अक्षरओळख नुकतीच झालेल्या बायकांसाठी. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, पुस्तक 1924 मध्ये निघालं. ज्या बाईंनी संस्कृत पुराणं मुखोद्गत करत अख्खा देश पायी पालथा घातला होता, त्यांना आयतं भाषांतर वाचून समाधान मानता आलं असतं. त्यांनी मानलं नाही. आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे कॅथलिक, आपण प्रोटेस्टंट, म्हणून त्यांचं "सुबोध बायबल" आपल्या कपाटात नसावं असं मला कधी वाटलं नाही. इस्राएल-पॅलेस्टाईन हिंडून त्यांनी त्या भूमीवरही लिहिलं. 2024 मध्ये ते गेले. या माणसांचा विश्वास अभ्यासानं आटला असं कोण म्हणेल?

राहिला यशया. चाळिसाव्या अध्यायापासून त्या पुस्तकाचा सूर बदलतो हे तुझ्या प्राध्यापकांनी सांगितलं आणि तू हादरलीस. पण तो सूर बदलतो कुठे, हे बघ ना. यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, लोक बाबेलला नेले गेले, आणि तिथे दुसरी पिढी जन्माला आली. पुढे इ. स. पूर्व 539 मध्ये इराणच्या कोरेश राजानं बाबेल घेतलं, आणि त्याचं नावच या अध्यायांत येतं. घरदार तुटलेल्या, परक्या मुलखात मजुरीला जुंपलेल्या माणसांना "धीर धरा" म्हणून हाक मारणारे ते अध्याय आहेत. हे कळल्यावर मला ते जास्त जवळचे वाटले. कोयता घेऊन सहा महिने ऊसतोडीला जाणारी आपल्या भागातली कुटुंबं ऐकतील तर त्यांनाही वाटतील.

तेव्हा नाताळच्या सुट्टीत येताना यशयावरची तुझी वर्गातली टिपणं झेरॉक्स करून आण, आणि बाबेलचा एखादा नकाशा मिळाला तर तोही. महिला मंडळात आमोस संपत आला आहे. पुढे यशया घ्यायचा ठरलंय. चाळिसाव्या अध्यायाची पार्श्वभूमी तू सांगायची आहेस, मी बायकांना तसं कबूल करून बसले आहे. सोप्या भाषेत सांग, आणि प्रश्नांची तयारी ठेव. आजी पहिल्या रांगेत असतात हल्ली.

दादा-वहिनींना सलाम. तब्येतीला जप, रात्री फार जागू नकोस.

तुझी,
आत्या